जुनी गाणी हळू, नवी कानठळ्या बसवणारी: आवाज एकसारखा कसा करायचा?

खरखर:
संग्रहात ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं, सीडीवरून घेतलेले ख्याल आणि अलीकडची चित्रपटगीतं, सगळी सरमिसळ आहे. बहुतेक एमपीथ्री, थोड्या फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या फायली). ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये 'नॉर्मलाइझ' करून सगळं −१ डेसिबलवर आणलं, तरी नाट्यपदाला आवाज वाढवावा लागतो आणि पुढचं गाणं कानावर आदळतं. घरी संगणकावर फूबार२००० हा प्लेअर, गाडीत पेनड्राइव्ह. काय चुकतंय?

तारषड्ज:
नॉर्मलाइझ फक्त सर्वांत उंच शिखर बघतं. जुन्या तबकडीवर ते शिखर बहुधा गायकाचं नसतंच, चरा पडलेल्या जागच्या 'टक्'चं असतं. तो टक् −१ वर पोचला की काम संपलं. गाणं खालीच राहतं. कानाला जाणवतो तो सरासरी जोर, आणि तो एलयूएफएस या एककात मोजतात (शून्याच्या जितका खाली, तितका हळू).

फूबारमध्ये सगळ्या फायली निवडा, उजवी क्लिक, रिप्लेगेन, मग टॅगनुसार अल्बम स्कॅन. आवाज किती वर-खाली करायचा याचा आकडा रिप्लेगेन काढतं; यात ट्रॅक (एकेका गाण्याचा) आणि अल्बम (अख्ख्या अल्बमचा मिळून एक) दोन्ही आकडे मिळतात. मूळ ध्वनीला हात लागत नाही, फक्त टॅग लिहिला जातो. मग प्रेफरन्सेसमधल्या प्लेबॅकमध्ये ट्रॅक मोड आणि 'गेन लावा, क्लिपिंग टाळा' हा पर्याय निवडा (गेन म्हणजे आवाजातली वाढ-घट, क्लिपिंग म्हणजे शिखर मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं).

खरखर:
केलं. फरक पडला, पण काही नाट्यपदं अजून हळूच आहेत.

तारषड्ज:
क्लिपिंग टाळण्याचा तो परिणाम. समजा पद −२२ एलयूएफएसवर आहे आणि शिखर −१ वर. रिप्लेगेनचं लक्ष्य −१८ असतं. ते गाठायला +४ हवेत, पण शिखराला ० च्या मर्यादेपर्यंत जागा आहे १ डेसिबलची, म्हणून +१ वरच थांबतं. प्रीअ‍ॅम्प −३ करा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष्य −२१ होईल: पदाला +१, −८ वरच्या नव्या गाण्याला −१३, दोन्ही −२१ वर. कमी झालेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने भरून काढा. आणि टॅग नसलेल्या फायलींचा वेगळा प्रीअ‍ॅम्प असतो, तो −१० च्या आसपास ठेवा, नाहीतर स्कॅन न केलेलं एखादं नवं गाणं दचकवेल.

विलंबित:
ख्यालांना ट्रॅक मोड लावू नका. आलाप आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतील तर दोन्ही एकाच जोराचे होतात. चढत जाण्यातली गंमतच जाते. तिथे अल्बम मोड. मात्र अल्बमचा टॅग नीट भरलेला हवा, नाहीतर भलत्याच गोष्टी एका गठ्ठ्यात मोजल्या जातात.

पेनड्राइव्हवाला:
गाडीतले बरेच प्लेअर रिप्लेगेनचा टॅग वाचतच नाहीत. पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत काढा आणि एमपीथ्रीगेन या प्रोग्राममध्ये ८९ डेसिबल हे लक्ष्य ठेवून ट्रॅक गेन लावा. ते प्रत्येक फ्रेममधला गेनचा आकडा बदलतं, पुन्हा एन्कोड करत नाही, पायरी १.५ डेसिबलची, त्यामुळे पाऊण डेसिबलपर्यंत इकडेतिकडे होणारच. उलटही फिरवता येतं. लाल 'क्लिप' दिसलेल्या फायली असतील तर सगळ्यांचंच लक्ष्य ८६ करा. फ्लॅकसाठी फूबारच्या कन्व्हर्टरमधल्या 'प्रोसेसिंग'मध्ये रिप्लेगेन लावून एमपीथ्री काढा.

ही प्रत पुन्हा फूबारमध्ये ओढू नका. जुना टॅग तसाच राहिला असेल तर दुरुस्ती दोनदा लागेल. ओढलीच तर आधी नव्याने स्कॅन.

खरखर:
एकाच ध्वनिमुद्रणात निवेदक पुटपुटतो आणि गायिका दणक्यात, त्याचं काय?

तारषड्ज:
रिप्लेगेन तिथे लंगडं. अख्ख्या फायलीला एकच आकडा असतो. ऑडॅसिटीत निवेदनाचा तुकडा निवडून 'अ‍ॅम्प्लिफाय'ने ६ डेसिबल वाढवा, ऐका, लागेल तसं बदला. कॉम्प्रेसर सरसकट लावलात तर तबकडीची खरखरच आधी वर येईल.