कॅम्पिंग ट्रेलर ओढायला सेकंड हँड व्हॅन घ्यायचीय, नक्की काय काय बघू?

चारचाकी_बिऱ्हाड:
नमस्कार मंडळी. काकांनी फिरणं बंद केलं म्हणून त्यांचा कॅम्पिंग ट्रेलर आमच्याकडे आलाय. रिकामा १४५० किलो, आणि भरून जास्तीत जास्त १९०० असं त्याच्या प्लेटवर आहे. ब्रेक ओव्हररनचे (गाडी मंदावली की ट्रेलरच्या धक्क्याने आपोआप लागणारे), एकच आस म्हणजे अ‍ॅक्सल. आम्ही दोघं, दोन मुलं, एक मोठा कुत्रा. आत्ताची कार हे ओढू शकत नाही म्हणून वापरलेली व्हॅन बघतोय.

दोन बघून ठेवल्यात. पहिली डिझेल, मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, आत कपाटं आणि जादा बॅटरी बसवलेली, वर रॅक, साइडला ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत), आणि मुख्य म्हणजे टो बार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) आधीपासून लावलेला, विकणारा म्हणाला दोन टन आरामात ओढते, आम्ही स्वतः ओढलंय. दुसरी पेट्रोल, ऑटोमॅटिक, रिअर व्हील ड्राइव्ह, आतून पूर्ण रिकामी, टो बार नाही आणि रनिंग पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. ह्यांचं मन पहिलीवर बसलंय कारण सगळं तयार मिळतंय, लावा ट्रेलर आणि निघा. मला सारखं वाटतंय की काहीतरी विचारायचं राहतंय पण काय विचारायचं तेच कळत नाहीये. इंजिन किती मोठं हवं यावर जास्त लक्ष द्यायचं का?

काट्यावरचा:
ताई, इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करा. बहुतेक व्हॅनची ओढायची ताकद संपायच्या खूप आधी तिची स्वतःची वजन उचलायची मर्यादा संपते आणि हे लोकांना गाडी दारात आल्यावर कळतं. "दोन टन ओढते" हे वाक्य खोटं नसेल पण अर्धंच आहे.

दोन्ही गाड्यांची वजनाची प्लेट बघा, बोनेटखाली किंवा दाराच्या खांबावर असते. युरोपियन पद्धतीच्या प्लेटवर किलोत चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला म्हणजे गाडी भरून जास्तीत जास्त किती, दुसरा म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून किती, तिसरा पुढच्या अ‍ॅक्सलचा, चौथा मागच्या अ‍ॅक्सलचा. दुसऱ्यातून पहिला वजा करा, गाडी पूर्ण भरलेली असताना किती ओढता येईल ते मिळतं. दुसरा आकडा नसेलच तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की या गाडीला टोइंगची परवानगी आहे का, काही व्हॅनना ती अजिबात नसते. अमेरिकन गाडी असेल तर दाराजवळच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, पण गाडी अधिक ट्रेलरचा आकडा कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये शोधावा लागतो.

मग टो बारवरची छोटी प्लेट. बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, उभं किती वजन चालेल ते तिथं असतं, बऱ्याच ठिकाणी ७५ किंवा १०० किलो. हे वजन ट्रेलरचं नाही, तुमच्या व्हॅनच्या पाठीवर येणारं आहे, म्हणजे ते व्हॅनच्या पेलोडमधून, तिला उचलता येणाऱ्या वजनातून, जातं. ओव्हररन ब्रेकवाल्या युरोपियन ट्रेलरचं नोज वेट (बॉलवर येणारं हेच वजन) भरलेल्या ट्रेलरच्या साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकन ट्रेलरला १० ते १५ टक्के. तुमच्या १९०० ला ५ टक्के म्हणजे ९५ किलो झाले.

आणि एक विनंती. पहिली व्हॅन रिकामी, टाकी फुल्ल करून वजनकाट्यावर चढवा. कपाटं, बॅटरी, ऑनिंग, रॅक, टो बार हे सगळं कंपनीच्या कागदावरच्या वजनात नाहीये. विकणारा काट्यावर यायला नाही म्हणाला तर मी पुढे बोलणी करणार नाही.

जुना_मिस्त्री:
काट्यावरचा यांनी बरोबर सांगितलंय. मी गॅरेजच्या बाजूने सांगतो, २० वर्षं हेच करतोय.

टो बार आधीच लावलेला आहे याचा आनंद नंतर माना, आधी त्याच्याखाली आडवे व्हा. टॉर्च घ्या, पातळ पुठ्ठा अंथरा आणि चेसिसला तो जिथं बोल्ट केलाय तिथं बघा. बोल्टच्या भोवती रंग चकतीसारखा गोल फुटलेला असेल आणि त्यातून तांबूस पावडर गळल्यासारखी रेघ खाली आली असेल तर तो सांधा हलतोय. साधा वरवरचा गंज वेगळा, तो सपाट पसरतो आणि बोटाने पुसला तरी खाली पत्रा टणक लागतो. हलणाऱ्या सांध्याची पावडर बारीक, पिठासारखी असते. चेसिसवर नवीन काळं डांबर फासलंय का तेही बघा, फक्त तेवढ्याच भागात फासलं असेल तर का फासलं ते विचारा. मग ट्रेलरच्या दिव्यांच्या सॉकेटच्या मागची वायर. मूळ वायरिंगला टेपने जोड मारलेले दिसले तर तेवढं काम नव्याने करून घ्यायचं हे धरून चला.

मॅन्युअल असेल तर क्लच. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम वाढले आणि गाडी तेवढ्या वेगाने गेली नाही तर क्लच घसरतोय. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा, प्रत्येक वेळी खडखड आवाज बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, धक्के शोषणारं जड चाक) संपत आलेलं असू शकतं आणि ते काम मोठं असतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा क्लच हायवेवर संपत नाही बरं का, चढावर ट्रेलर रिव्हर्स करताना अर्धा क्लच धरून धरून संपतो.

ऑटोमॅटिक असेल तर एकच गोष्ट, गिअरबॉक्सचं ऑइल. ओढताना जी उष्णता तयार होते ती गिअरबॉक्स मारते. डिपस्टिक असेल तर एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि दोन मिनिटं थांबा. चांगलं ऑइल बहुतेक वेळा लालसर, आरपार दिसणारं, डाग सगळीकडे सारखा पसरतो. थकलेलं ऑइल तपकिरी, मध्ये काळा ठिपका तसाच बसून राहतो, आणि नाकाजवळ नेलं की जळका वास येतो, तो वास एकदा घेतला की विसरत नाही. नवीन गाड्यांना डिपस्टिकच नसते, मग लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लगमधून थोडं काढून बघावं लागतं, पण बघाच. आणि गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर आहे का ते विचारा, नसेल तर बसवता येतो.

रनिंग दुप्पट म्हणून दुसरी लगेच बाद करू नका. हायवेवर एका वेगाने पळालेली गाडी आणि दिवसभर दर पन्नास मीटरवर थांबून पार्सल वाटणारी गाडी, मीटरवर आकडा सारखा असला तरी आतून सारख्या नसतात. सर्व्हिसची बिलं मागा.

उतारावरून:
ताई मी फ्रंट व्हीलबद्दल माझा अनुभव सांगते कारण तुमची पहिली व्हॅन तशीच आहे. आमची पहिली व्हॅन फ्रंट व्हील होती, सपाट रस्त्यावर तीन सीझन काहीही तक्रार नव्हती. एकदा रात्रभर पाऊस झाला, सकाळी कॅम्पसाइटवरून निघायचं होतं, गवताचा साधा चढ, डोळ्याला चढ वाटणारही नाही इतका. पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. गवत निघालं, मग माती, मग दोन खड्डे. मी पायपुसणी काढून चाकाखाली घातली ती मागे फेकली गेली. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. चूक गाडीची नव्हती, बॉलवरच्या वजनाने मागचा भाग दबतो तसा पुढचा उचलला जातो आणि नेमकी पुढचीच चाकं ओढत असतात.

आणि उतारावर ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. नंतर थांबून सामान बघायचं, जड वस्तू ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे हव्यात, मागच्या टोकाला नको. आम्ही पाण्याचा कॅन मागे ठेवला होता, ५० लिटर म्हणजे ५० किलो, तेवढ्याने ट्रेलर डोलला. मुलं मागे बसली होती, तो अर्धा मिनिट मला अजून आठवतो.

काट्यावरचा:
वरच्या गोष्टीत आकडे घालतो. व्हॅनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) ३ मीटर आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून बॉल १.२ मीटर मागे असेल तर बॉलवरचे १०० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर १४० होऊन बसतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ४० कमी होतात. म्हणून प्लेटवरचा चौथा आकडा बघायला सांगितला. म्हणून मागे लांबच लांब बाहेर आलेली व्हॅनही मी टाळतो, आत जागा भरपूर मिळते पण ट्रेलरला ती शेपटी हलवायला तेवढीच लांब काठी मिळते.

नावावरून ड्राइव्ह ठरवू नका. फोर्ड ट्रान्झिट याच नावाने फ्रंट, रिअर आणि ऑल व्हील तिन्ही विकल्या गेल्यात. मर्सिडीज स्प्रिंटर वर्षानुवर्षं रिअर, २०१८ च्या पिढीपासून फ्रंटचाही पर्याय आला. शेव्हरोले एक्स्प्रेस आणि जुनी फोर्ड इकोनोलाइन या वेगळ्या चेसिस फ्रेमवरच्या, ओढायला दणकट पण इंधन पितात, आणि इकोनोलाइन पूर्ण व्हॅन म्हणून २०१४ पर्यंतच आली. म्हणजे वाकून बघायचं, मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियलचा गोळा आहे की नाही, असेल तर मागची चाकंही ओढतात.

घाटवेडा८:
थोडं डिझेलच्या बाजूने बोलतो, सगळे पहिलीच्या मागे लागलेत म्हणून. टर्बो डिझेलला कमी आरपीएमवर टॉर्क मिळतो, चढावर इंजिन ओरडत नाही. साधं बिनटर्बोचं पेट्रोल उंचीवर गेलं की दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद घालवतं, डोंगरात फिरणार असाल तर हे जाणवतं. डीपीएफची (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भीती घालतात पण ट्रेलर ओढताना एक्झॉस्ट चांगला तापतो, डीपीएफ तुंबतो तो आठवडाभर शाळा आणि बाजार अशा छोट्या फेऱ्यांनी. तेव्हा ट्रेलर नसताना गाडी रोज कशी वापरणार हेही धरा.

ट्रेलरच्या टायरकडे पण बघा, काकांनी फिरणं बंद केलं म्हणजे तो उभा असणार. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा-सात वर्षं झाली असतील तर बदला. लोड इंडेक्सही बघा, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो.

चारचाकी_बिऱ्हाड:
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, शनिवारी दोन्ही गाड्या बघून आलो, मिस्त्रीकाकांनी सांगितलं तसं पुठ्ठा आणि टॉर्च घेऊन गेले होते.

पहिली. प्लेटवर ३००० आणि ५०००, म्हणजे दोन टन हे खरंच होतं. विकणारे काट्यावर यायला लगेच तयार झाले, माणूस सरळ वाटला. टाकी फुल्ल, आत कोणी नाही, काट्यावर आकडा आला २६१०. राहिले ३९०. आम्ही दोघं १५०, मुलं ७०, कुत्रा ३०, राहिले १४०. बॉलवर १०० धरले तर उरले ४० किलो. चाळीस किलोत चार जणांचे कपडे, खुर्च्या, टेबल, सायकली. हे तिथंच काट्याच्या पावतीच्या मागे पेनने वजाबाकी करत होते आणि शेवटचा आकडा बघून गप्पच झाले. मग खाली वाकून बघितलं तर डाव्या बाजूच्या दोन बोल्टभोवती अगदी तश्शी गोल चकती आणि पिठासारखी तांबूस पावडर, बोटाला लागली. फोटो काढून विकणाऱ्यांना दाखवला, त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांनी लगेच मिस्त्रीला फोन लावला.

दुसरी. प्लेटवर ३५०० आणि ५५००. काट्यावर २२४० आली, म्हणजे १२६० शिल्लक, त्यात सीट आणि टो बार बसवायचाय तरी भरपूर उरतंय. बिलांची फाइल जाड आहे, गाडी विमानतळावर माणसं नेण्याआणण्यात होती, म्हणजे हायवेच जास्त. टिश्यूवर थेंब टाकला, डाग तपकिरीकडे झुकलेला पण आरपार, मध्ये ठिपका नाही, वास जळका नाही. फोटो मिस्त्रीकाकांना पाठवू का? ड्राइव्हमध्ये चढावर घेतली तेव्हा गिअर बदलताना एकदा हलका झटका जाणवला.

जुना_मिस्त्री:
पाठवा पाठवा. ऑइल वयाने थकलंय, जळालेलं वाटत नाही. झटका गरम झाल्यावर येतो का थंड असताना ते बघा. अर्धा तास चालवून मग त्याच चढावर परत घ्या. लिफ्टवर घेऊन स्कॅनर लावायला सांगा आणि गिअरबॉक्सचे जुने बिघाडाचे कोड आधी वाचून घ्या, पुसू देऊ नका. सगळं ठीक निघालं तर ऑइल, फिल्टर आणि वेगळा कूलर हे टो बारच्या आधी.

काट्यावरचा:
टो बार त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलाच घ्या, प्लेट असलेला. आणि ३५०० अधिक १९०० म्हणजे लायसन्सची कुठली कॅटेगरी लागते ते तुमच्या इथल्या नियमात आधी बघून ठेवा, हे बहुतेक जण विसरतात.

चारचाकी_बिऱ्हाड:
लायसन्सचं डोक्यातच नव्हतं, आज बघते. गुरुवारी लिफ्टची वेळ घेतलीय, गाडी आधी अर्धा तास चालवूनच नेणार. ह्यांनी पहिलीचा नाद सोडलाय, काट्याची पावती फ्रिजवर लावून ठेवलीय.