मदत हवी आहे: पीट बॉगच्या डीईएममधले खळगे भरायचे की ठेवायचे?

मंडळी, जीआयएस किंवा हायड्रॉलॉजीवाले कोणी असाल तर प्लीज बघा. एका रेज्ड बॉगचा (पीटची म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची दलदल, मधे फुगलेली, फक्त पावसाच्या पाण्यावर जगणारी) लायडर डीईएम (विमानातून लेझरने मोजलेला जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) आहे आणि त्यावरून पाणी कुठून कुठे जातं ते काढायचंय. नेहमीची रीत म्हणजे आधी फिल सिंक्स (नकाशातले खळगे भरून टाकणं), मग फ्लो डिरेक्शन (पाणी कुठल्या दिशेला जातं), मग अ‍ॅक्युम्युलेशन (कुठे किती पाणी जमा होतं). पण इथे सगळी गंमत त्या सिंक्समध्येच आहे ना! स्फॅग्नमचे (बॉगमधल्या शेवाळाचे) उंचवटे आणि मधले ओले खळगे, फरक जेमतेम २०-३० सेंमी, फिल मारलं की ते सगळं सपाट होतं आणि सॉफ्टवेअर मस्तपैकी एक ओढा काढून देतं जो जागेवर नाहीच.

मला कळलंय ते असं, की वरच्या सैल थरातून म्हणजे अ‍ॅक्रोटेल्ममधून पाणी भराभर सरकतं आणि खालच्या कुजून दबलेल्या कॅटोटेल्ममधून अगदीच नगण्य, त्यामुळे पातळी थोडी जरी वर आली तरी बाहेर जाणारं पाणी कित्येक पटींनी वाढतं, आणि उतरली की बॉग पाणी धरून बसतो. त्यात उंचवट्यांच्या लांब ओळी उताराला आडव्या, त्या बांधासारखं पाणी अडवतात. खळगे भरून एकमेकांना जोडले गेले की मगच वरून प्रवाह सुरू.

मग प्रत्येक खळगा कुठल्या पातळीला सांडतो ते काढून फिल-अँड-स्पिल (खळगा भरला की पाणी पुढच्यात सांडतं, असं मॉडेल) करू का? आणि ओळींना वेगळी कंडक्टिव्हिटी (पाणी किती सहज झिरपतं ते) द्यायची का? डबक्यांत तर लायडरला तळ दिसतच नाही, तिथे काय धरायचं?

प्रतिसाद १:
फिल नकोच. दोन कामं वेगळी करा. डीईएम भरपूर स्मूद करून बॉगच्या फुगलेल्या घुमटाचा मोठा उतार काढा, पाणीपातळी साधारण तशीच चालते, दिशा तिथून मिळेल. खळगे ठेवा साठा आणि सांडपातळीसाठी. डबक्यात पाण्याचा पृष्ठभागच धरा, तळ लागत नाही. कंडक्टिव्हिटीचं म्हणाल तर अंदाजाने आकडे टाकू नका, एखाद्या ओळीच्या वरच्या-खालच्या बाजूला एकेक डिपवेल (पाणीपातळी मोजायची भोकं पाडलेली नळी) लावा. ओळ खरंच पाणी अडवत असेल तर तेवढ्या दोन-तीन मीटरमध्ये पातळी एकदम पडलेली दिसेल, नाहीतर उतार सारखाच.

बाय द वे, लायडर उडवला तेव्हा बॉग ओला होता की कोरडा? पीट फुगतं-बसतं, पृष्ठभाग काही सेंमी सहज वरखाली होतो, आणि तुमचा सगळा खेळ २०-३० सेंमीचा आहे.