उपकर लावा, पण खातं वेगळं ठेवा

घरपट्टीवर उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, लावून जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह बांधावं, असं कोणी म्हणतं तेव्हा ते मला निम्मंच पटतं. बांधायला पैसा कुठून तरी येतोच हो, कोनशिलेवर नाव कोणाला नको असतं? घोडं अडतं ते नंतर. नाटकाच्या दौऱ्यावर गेलं की कळतं: रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत, आरसे आहेत पण त्यावर दिवे नाहीत, एसीचं भाडं आगाऊ घेतलेलं आणि दुसऱ्या अंकात प्रेक्षक तिकिटानेच वारा घेतायत. म्हणून उपकराचा पैसा फक्त देखभालीला, तोही वेगळ्या खात्यात.

दुसरं, घरपट्टीच कशाला? २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्याचा करमणूक कर त्यात गेला, पण पालिका-पंचायतींचा करमणूक कर राज्यघटनेने शाबूत ठेवलाय. राज्याने तशी तरतूद करून द्यायला हवी, एवढंच. मल्टिप्लेक्सच्या तिकिटावर लावा, नाटकाला वगळा.

मुंबईत दीनानाथ, कालिदास ही नाट्यगृहं महापालिका चालवते, तिची तिजोरी मोठी. छोट्या पालिकांची जकात गेली, आता मोठी भिस्त सरकारी अनुदानावर. आणि हो, शनिवार-रविवारच्या तारखा आधी नाटकांना द्या, मेळावे मंगळवारी होऊ देत.