गोम, घोण आणि पैसा: तुमची ओळख कशी झाली?

गिरगावची_आजी: काल रात्री न्हाणीघराच्या जाळीतून गोम वर आली. मी झाडू उगारला, तोच नातवाने हात धरला आणि सांगितले की, ही लांब पायांची गोम झुरळे खाते, तिला मारू नये. मला चाळीतले पावसाळे आठवले, कारण गोम कानात शिरते या भीतीने आमची आजी रोज रात्री आमच्या कानांत कापसाचे बोळे कोंबत असे. त्या काळी गोम, घोण (मोठी विषारी गोम) आणि पैसा (वाणी नावाचा अनेक पायांचा किडा) आमच्या लेखी सारखेच होते. आपले अनुभव जरूर लिहावेत.

बोरिवलीकर: कान्हेरीच्या वाटेवर जुलैत पालापाचोळा उचलावा, की पैसे दिसतातच. एकदा चिखलात गुडघे टेकून नीट पाहिले, तेव्हा पैशाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या आणि गोमेच्या वलयाला एकच जोडी, हा फरक कायमचा लक्षात राहिला. आपण पावसाला पैसा देऊ करतो खरे, पण प्रत्यक्षात पाऊसच आपल्याला पैसे देतो!

कोकणातून_परळला: विनोद ठीक आहे, परंतु घोण डसलेल्या माणसाला विचारा. गणपतीत गावी चुलीसाठी लाकडे काढताना घोण दिसली आणि नांगी शेपटीकडे असेल या समजुतीने मी तिला डोक्याजवळ धरले. विष नेमके तिथेच, पायांच्या पहिल्या जोडीपासून बनलेल्या नख्यांत असते. रात्रभर हात ठणकत होता. डॉक्टरांनी जखम साबणाने धुऊन गरम पाण्याचा शेक दिला आणि धाप लागली, तर तत्काळ परत येण्यास बजावले.

मुलुंडची_मावशी: माझ्या लेकीने पैसा हातात घेतला आणि तिच्या तळव्यावर तपकिरी डाग पडला. तो चावला असेल का?

बोरिवलीकर: नाही, मावशी. पैसा कुजलेली पाने खातो आणि माणसाला चावत नाही. घाबरला की अंगातून रस सोडतो, त्याचाच तो डाग आहे. हात धुतल्याशिवाय तिला डोळे चोळू देऊ नका.

दादरचा_मास्तर: शतपाद हे नाव फसवे आहे. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय भरतच नाहीत. घोणीला बहुधा 21 किंवा 23 जोड्या असतात आणि आजींच्या पाहुणीला 15. पैशाच्या सहस्रपाद या नावाला खरोखर जागणारी पहिली जात तर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदली गेली. तिच्या एका मादीला 1306 पाय होते. एक पाय मोडला म्हणून गोम लंगडी होत नाही, ही म्हण मात्र पक्की आहे, कारण लांब पायांच्या गोमेचा तुटलेला पाय कात टाकल्यावर पुन्हा उगवतो.

गिरगावची_आजी: मास्तर, आज ती पुन्हा आली होती. चष्मा लावून पाय मोजायला बसले, पण चौथ्या जोडीपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच ती मोरीत पसार झाली.