कवाईत साडेतीन दिवस आणि आठ टाळकी: तुमचं काय जमलं, काय फसलं?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. त्याला शुक्रवार जोडून आम्ही आठ जण हवाईतल्या कवाई बेटावर जायचं म्हणतोय. 'म्हणतोय' हा शब्द जपून वापरलाय, कारण ग्रुपला नाव मिळालं, डीपी लागला, तीनशे मेसेज झाले, आणि नक्की एवढंच झालंय की विमानात खायला तिखटमिठाच्या पुऱ्या कोण आणणार.

तासातासाचा आखीव कार्यक्रम नकोय, तो कुठेही सापडतो. ज्यांनी कंपूसोबत तीन-चार दिवसांत हे बेट केलंय त्यांनी लिहा: कुठे राहिलात, काय सोडून दिलंत, भांडण कशावरून झालं. आम्हाला आतापर्यंत इतकंच कळलंय की हवाईच्या मुख्य बेटांत हे सगळ्यात जुनं, साधारण 50 लाख वर्षांचं, आणि इथला ज्वालामुखी केव्हाच विझलाय. म्हणजे लाव्हा बघायचा तर बेट चुकलं. आमच्यातल्या एकाला हे काल समजलं. तो अजून ग्रुपवर बोललेला नाही.

फ्रीमाँट, आठ जण, लेबर डे

सगळ्यात आधी नकाशा उघडून सगळ्यांना एकत्र दाखवा. बेटाला पूर्ण फेरी मारता येईल असा रस्ताच नाही. उत्तरेचा रस्ता केए बीचवर संपतो, पश्चिमेचा कोकेएच्या वर कड्यापाशी संपतो, आणि मधे 'ना पाली' नावाच्या किनाऱ्याचे सोळा-सतरा मैलांचे उभे कडे. घोड्याच्या नालेसारखं समजा. वरच्या टोकाला उभं राहिलं की खाली कलालाऊची दरी दिसते, अगदी हाताशी. पण तिथून केएला गाडीने जायचं तर अख्ख्या बेटाला वळसा, दोन-अडीच तास.

आम्ही हे न बघता दक्षिणेला पोइपूला घर घेतलं. तिथे ऊन असतं हे खरंच आहे. पण आमच्यातल्या तिघांना रोज उत्तरेला जायचं होतं. एकेका वेळेला दीड तास, आणि दुपारनंतर वाटेतल्या कपाआ गावात गाड्या अशा तुंबतात की चाकण आठवावं. पहिल्या दिवशी गाडीत गाणी होती, दुसऱ्या दिवशी सगळे खिडकीबाहेर बघत होते. तीन रात्रींत घर बदलणं हा वेडेपणा. पुन्हा गेलो तर मधे, वाइलुआ-कपाआच्या बाजूला राहीन आणि पोइपूचं ऊन ज्याला हवं त्याला लखलाभ.

सांता क्लारा, सहा जण

हाएना स्टेट पार्कची नोंदणी विसरू नका. केए बीच आणि कलालाऊ ट्रेलची सुरुवात दोन्ही त्यातच. दिवसाला 900 पाहुणे, त्यापुढे नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी नोंदणी 30 दिवस आधी उघडते, तीही हवाईच्या मध्यरात्री. उन्हाळ्यात म्हणजे कॅलिफोर्नियात पहाटेचे तीन. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्यांना हे सांगायला नको.

आमच्याकडे ज्याने 'मी करतो रे, टेन्शन घेऊ नका' म्हटलं, तो झोपला. सातला उठून बघतो तर गाडी लावायची जागा संपलेली. शटल बसची तिकिटं मिळाली आणि खरं सांगायचं तर तेच बरं झालं, त्या अरुंद रस्त्यावर गाडी चालवायची कटकट वाचली. फक्त परतीच्या बसची वेळ सगळ्यांनी पाळायला हवी. आमचा एक जण समुद्रातून निघेचना. त्याच्यापायी सहा जणांची बस चुकली आणि पुढच्या बसपर्यंत त्याला कोणी केळंसुद्धा दिलं नाही.

सिअ‍ॅटल, चौघी, मार्च

कॉलेजच्या चार मैत्रिणी, चाळिशीची सहल. घर उत्तरेच्या हनालेई गावात. गावात जायला नदीवर एकच पूल, 1912 सालचा, लोखंडी, एकपदरी. शनिवारी रात्री पाऊस सुरू झाला तो थांबेना. सकाळी नदी रस्त्यावर आलेली, पूल बंद. रविवार अख्खा घरात. चार जणी, एक पत्त्यांचा कॅट आणि त्यात बदामची राणी नाही. कायाकचे पैसे गेले ते वेगळेच. सोमवारी पहाटे एकीचं विमान होतं, तिने रात्रभर दर तासाला उठून पूल उघडला का बघितलं. चारच्या सुमाराला उघडला.

नंतर वाचलं तेव्हा वाटलं, आम्ही फार स्वस्तात सुटलो. 2018 च्या एप्रिलमध्ये, 14 आणि 15 तारखेला, हनालेईला लागून असलेल्या वाइपा इथे 24 तासांत 49.69 इंच पाऊस पडला. म्हणजे 1262 मिलिमीटर. 26 जुलैला सांताक्रूझला 944 झाला होता, आणि त्या दिवसाच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगतात. इथे दरडी कोसळून हनालेईपुढचा रस्ता पाहुण्यांसाठी वर्षाहून जास्त काळ बंद राहिला, जून 2019 मध्ये उघडला. वर लिहिलेली 900 ची मर्यादा तेव्हापासूनची.

म्हणून एकच सांगते: परतीच्या आदल्या रात्री पुलाच्या अलीकडे झोपा.

आयर्विन, पाच जण

ना पालीची बोट घ्यायची असेल तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच ठेवा. समुद्र खवळला की बोट रद्द होते, मग पुढे ढकलायला दिवस हाताशी राहतो. आम्ही शेवटच्या दिवसासाठी ठेवली आणि किनाऱ्यावर उभं राहून लाटा मोजल्या. हिवाळ्यात उत्तरेच्या लाटा भयानक असतात, तेव्हा बोटी दक्षिणेच्या पोर्ट ॲलनहून निघतात.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा बोट लागण्यावर भारी गोळ्या घेतलेले तिघं आडवे. आलेपाक चघळणारे दोघं शाबूत. यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढू नये, पण आलेपाक न्यावा.

पोर्टलंड, मूळचे पुण्याचे, सात जण

आम्ही सगळे सह्याद्रीत भटकलेले, त्यामुळे खाज भारी. केएपासून हनाकापिआई बीच दोन मैल, तिथून धबधबा आणखी दोन. जाऊन-येऊन आठ मैल, त्यात काय एवढं, असं म्हणून निघालो. पायवाट म्हणजे लाल चिखल. बीचच्या अलीकडे ओढा ओलांडावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याला, रंग चहासारखा, आमच्या डोक्यावर ऊन. वर डोंगरात मात्र काळंकुट्ट.

इथे भांडण झालं. 'अरे जुलैत याच्या दुप्पट ओढे ओलांडलेत' हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षात मी आणि माझी बायको. मागे वाइआलेआलेचा डोंगर आहे, वर्षाला साधारण 450 इंच पाऊस, म्हणजे चेरापुंजीच्या तोलाचा. वर डोंगरात पडलेलं पाणी दऱ्यांतून धावत खाली येतं, आणि आपण उन्हात उभे असताना येतं. इथे अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागतं. समुद्रात तर उतरायचंच नाही, बीचवर बुडालेल्यांच्या रेघा मारलेली पाटी असायची. शेवटी मतदान घेतलं, पाच विरुद्ध दोन, आणि आम्ही दोघं हरलो. पण पुढे जाणाऱ्या पाचांतला पहिला पाय टाकायला कोणी तयार होईना. बसून चिवडा खाल्ला. चाळीस मिनिटांत पाणी मांडीपर्यंत आलं. परत फिरलो. मतदानाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाइमेआ कॅन्यनला गेलो आणि तिथे मात्र सगळे गप्प झाले. तीन हजार फुटांहून खोल दरी आणि तिच्या भिंतींवर थरावर थर. एक थर म्हणजे लाव्हाचा एक लोट. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोट टेकून खाली बघितलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटणारच, दगड तोच, बसाल्ट. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा परवाचा. माती तांबडी होण्याचं कारणही तेच, दगडातलं लोखंड गंजतं. आमच्यातली एक मूळची राजापूरची, ती म्हणाली, 'हे काय, आमच्या घरामागे पण आहे.' पांढरे बूट नेऊ नका. धुतले तरी ते रत्नागिरीचेच दिसतात.

आणि स्वेटर न्या. वर कोकेएला चार हजार फूट उंची आहे. आम्ही सगळे चड्ड्यांत कुडकुडत होतो. वर ढग असले तर लगेच निघू नका, थांबा. आम्हाला कलालाऊ वीस मिनिटांनी दिसलं, तेही दीड मिनिट.

सॅन डिएगो, दोन जोडपी

कोणीच अळूबद्दल लिहिलं नाही? प्रिन्सव्हिलच्या वळणावरून हनालेईची दरी दिसते, त्यात जी हिरवी चौकोनी खाचरं आहेत तो भात नव्हे, अळू आहे. तिथे त्याला कलो म्हणतात. पाण्यात उभं केलेलं, बांध घातलेलं, हुबेहूब भातखाचर. हवाईच्या लोकांच्या परंपरेत कलो हा माणसाचा थोरला भाऊ. आधी जन्मलेलं मूल मृत निघालं, ते पुरलं तिथून कलो उगवला, आणि त्यानंतरचा हालोआ हा माणसांचा पूर्वज. त्यामुळे ताटात थोरल्याचा मान.

कंद शिजवून, कुटून, पाणी घालून पोई करतात. ताजी पोई मवाळ, एक-दोन दिवस ठेवली की आंबट. आम्हाला आंबटच आवडली, आंबोळीच्या पिठाची चटक असल्यावर दुसरं काय होणार. पानांत गुंडाळून मांस वाफवतात ते लाउलाउ.

मग आम्हाला सुचलं की फदफदं करू. बाजारातून जुडी आणली, भाडेघराच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे, खोबरं, हिरवी मिरची सगळं जमवलं. चिंच घरी राहिली. विकणाऱ्या मावशींनी हाताचं घड्याळ दाखवून तासभर शिजवा असं सांगितलं होतं, आम्ही मनात हसलो. आम्हाला अळू शिकवणार? पंधरा मिनिटांत उतरवलं. चौघांचेही घसे असे खवखवले की रात्री दहापर्यंत कोणी बोललं नाही. दोन्ही नवऱ्यांच्या मते सहलीतली ती सर्वोत्तम संध्याकाळ.

प्लेझंटन, सहा जण, सगळे पन्नाशीपुढचे

कोंबडे! पहाटे चारला सुरू. बेटभर मोकाट फिरतात, विमानतळावरसुद्धा. 1992 च्या इनिकी वादळात खुराडी मोडून सुटले असं तिथले लोक सांगतात. इअरप्लग न्या.

कपाआजवळ शैव मठ आहे, तिथलं इरैवन मंदिर आवर्जून बघा. पांढरा ग्रॅनाइट बंगळुरूकडे हाताने, छिन्नीने कोरून एकेक दगड जहाजाने आणलेला. कामाला तीस वर्षांच्या वर लागली, 2023 मध्ये कुंभाभिषेक झाला. जायचं सकाळी, आणि आधी मठाकडे नोंद करून. भोवती रुद्राक्षाची झाडं आहेत. आमच्या सहांतले दोघं पक्के नास्तिक, तेच सर्वांत उशिरा बाहेर आले. कारण विचारलं तर म्हणाले, सावली होती.

होनोलुलू, बारा वर्षं इथेच

आम्ही चाळीस मिनिटांच्या विमानाने शनिवारी जातो, रविवारी येतो. रहिवासाचं ओळखपत्र असलं की हाएनाला आमची नोंदणी लागत नाही, त्यामुळे वरच्या तीन वाजताच्या गजराची मजा वाटली. रागावू नका.

काही गोष्टी मात्र मनावर घ्या. प्रिन्सव्हिलच्या क्वीन्स बाथची फोटोतली शांत डबकी बघून जाऊ नका. लाट वर चढते आणि माणूस घेऊन जाते. हिवाळ्यात तिथलं फाटक बंद असतं, तरी लोक उड्या मारून जातात. घर घेताना जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे का बघा, ठरावीक भाग सोडले तर सुट्टीसाठी घर भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे. एकपदरी पुलावर समोरच्या पाच-सात गाड्या गेल्या की आपल्या बाजूच्या तितक्याच. सातव्याच्या शेपटीला चिकटून आठवा जातो तो हमखास पाहुणा. वाळूवर मंक सील झोपलेला दिसला तर पन्नास फूट लांब राहा. तो मेलेला नसतो. दरवेळी कोणीतरी विचारतंच.

सॅन होजे, नऊ जण, एकच व्हॅन

पैशांचं कोणीच लिहीत नाही, मी लिहितो. टीटीएमएम घर आणि गाडीला चालत नाही. आम्ही आधीच सारखी वर्गणी काढली, घर, गाडी, किराणा त्यातून. हेलिकॉप्टर, बोट ज्याचं त्याचं. हेलिकॉप्टरला चौघं गेले, बाकीच्यांना कानकोंडं वाटलं नाही, कारण हे घरूनच ठरलं होतं. गोंधळ झाला तो परतीच्या दिवशी. विमान रात्री दहाला, घर सकाळी अकराला सोडायचं. नऊ जण, ओले कपडे आणि अकरा तास. एकदा आंघोळ कुठे करणार ते आधी ठरवा, कॅन्यन आणि धबधबे नंतर. आम्ही ती सार्वजनिक बीचच्या शॉवरखाली, रांग लावून केली.

आणि परतताना विमानतळावर शेतकी तपासणी असते. अननस, नारळ चालतात. आंबे तिथेच ठेवावे लागतात. आमच्यातल्या एकाने ठेवण्याऐवजी यंत्रासमोर उभं राहून दोन आंबे खाल्ले.

धागाकर्ता

सगळं ग्रुपवर टाकलं. घर वाइलुआला मिळालं, परवान्याचा क्रमांक बघून. बोट शनिवारी होती ती आम्ही रविवारी नेली, कारण हाएना शनिवारीच हवं असं पाच जणांचं म्हणणं, आणि सोमवार राखीव. लाव्हावाला बोलायला लागलाय. कॅन्यनला 'जुना लाव्हा' म्हणायचं ठरलंय.

शनिवारसाठीची नोंदणी गुरुवारी पहाटे तीनला उघडते. गजर तिघांनी लावलाय. चौथा म्हणाला, 'मी करतो रे, टेन्शन घेऊ नका.' त्याला पुऱ्यांच्या कामाला लावलंय.