'ग्रॅब' म्हणजे बळकावलेलं जहाज?

प्रश्नकर्ता: १७५६च्या विजयदुर्गाच्या लढाईवरचा (इंग्रज विरुद्ध आंग्रे) इंग्रजी मजकूर मराठीत आणतोय. आधीच्या भाषांतरकाराने 'आंग्रियाज ग्रॅब्ज'चं 'आंग्र्यांनी बळकावलेली जहाजं' केलंय. खटकतं. पण त्यातलं 'रेस्टोरेशन' तर खरंच बळकावलेलं होतं. मग त्याला काय म्हणू?

दर्यावर्दी: बळकावण्याचा काही संबंध नाही, ती आपली गुराब! अरबी 'घुराब' म्हणजे कावळा. इंग्रजांनी त्याचं 'ग्रॅब' केलं. दोनकाठी गुराब १५० टनांच्या आसपास, तीनकाठी ३०० टनांची. खूण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे बघा. विलायती जहाजासारखी पुढे तिरकी काठी नाही, नाळच लांब निघालेली. तिच्यामागच्या फळ्यांच्या आडभिंतीत भोकं, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा थेट समोर मारणार. म्हणून पाठलागाला गुराब भारी.

मोडीवाचक: म्हणजे 'रेस्टोरेशन' गुराब नव्हेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातलं ते विलायती बांधणीचं जहाज, १७४९मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतलं. मालक बदलला म्हणून जात बदलत नाही. 'जहाज'च लिहा.

शुद्धमराठी: एवढा घोळ कशाला? सरसकट 'युद्धनौका' लिहा. गुराब आज कोणाला कळते?

दर्यावर्दी: सरसकट कसं चालेल? इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं 'केंट' ७० तोफांचं. तेही युद्धनौका आणि गुराबही युद्धनौका म्हटलं, तर लढाईच कळणार नाही. एकदा अर्थ द्या, पुढे बिनधास्त 'गुराबा' लिहा.

प्रश्नकर्ता: १२ फेब्रुवारीला 'रेस्टोरेशन'वर 'शेल' पडला आणि आग आंग्र्यांच्या सगळ्या आरमारात पसरली. त्याला 'तोफगोळा' चालेल?

मोडीवाचक: नाही, 'कुलपी गोळा'. पोकळ, आत दारू, तोंडाला जळती वात. भरीव गोळा लाकूड फोडतो. हा पडल्यावर फुटतो. शिडं, दोरखंड, डांबर पेटायला तेवढं पुरतं.

शुद्धमराठी: बरं, गुराब अरबी. गलबत तरी आपलं ना?

दर्यावर्दी: आपलंच. ४०-५० वल्ह्यांचं, ७० टनांच्या आतलं, वर बांबूच्या कामट्यांची तक्तपोशी, म्हणजे डेक. वारा पडला की गुराबेला ओढून नेणारं. इंग्रजी 'गॅलिव्हॅट' त्यावरूनच.

मोडीवाचक: उलटही असेल. पोर्तुगीज 'गालेओता'वरून आपलं 'गलबत' का नाही? कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज आंग्र्यांच्या दोनशे वर्षं आधीपासून होते.

दर्यावर्दी: मग मधला 'ब' कुठून आला, ते आधी सांगा.