पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील कृपा कशी समजून घ्यावी?

वाचनवेडा (प्रश्न)

आमच्या वाचनगटात सध्या पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे वाचन चालू आहे. मी ख्रिस्ती नाही, म्हणून एका मुद्द्यावर जाणकारांचे मत हवे आहे. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाने दिलेले निव्वळ दान आहे हे आपल्याला पुढे कित्येक वर्षांनी उमगले. तारण जर कोणत्याही कर्माशिवाय मिळत असेल, तर त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आपल्या आश्रमात दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी अखेरपर्यंत एवढे कष्ट का उपसले? आणि कष्टांची गरज असेलच, तर मग कृपा कशाला म्हणायचे?

नगरकर

आपण प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. रमाबाईंचे बालपण लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे ते विधान समजत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, व्रते पाळत आणि दानधर्म करीत हिंडले; पुढे पैसा संपला, 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले आणि रमाबाई व त्यांचे भाऊ पायी भटकत राहिले. आपण अजून काही करायचे राहिले असेल म्हणून देव प्रसन्न होत नसेल, ही भावना त्या घराने किती खोलवर भोगली असेल याची कल्पना करता येते. (हिंदू धर्मातही कृपेचा विचार समृद्ध आहे, हे येथे नमूद केले पाहिजे, मी केवळ त्यांच्या घरातील अनुभवाविषयी लिहीत आहे.)

इंग्लंडमध्ये त्यांना फुलम येथील एक आश्रम दाखवण्यात आला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे मायेने काळजी घेतली जात होती. असे कोणी का करावे, हे त्यांनी विचारले, तेव्हा तेथील भगिनीने (ख्रिस्ती संन्यासिनीने) त्यांना बायबलमधील येशू आणि शोमरोनी स्त्री, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन प्रांतातील एक स्त्री, यांची कथा वाचून दाखवली. त्या कथेत येशू त्या स्त्रीकडून आधी कसलीही सुधारणा मागत नाही. तोच तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी उपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. रमाबाई या कथेने हलल्या. तरीही, माझ्या समजुतीप्रमाणे, बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे त्यांनी ख्रिस्ती धर्माकडेसुद्धा आपण पुऱ्या करायच्या अटींची यादी म्हणूनच पाहिले: ही मते मान्य करायची, हे विधी पाळायचे, असे वागायचे. म्हणजे यादी बदलली होती, पण यादी पुरी करणारी व्यक्ती तशीच थकलेली होती. कृपेचा शोध म्हणजे ही यादीच हातातून सुटणे.

आता कष्टांविषयी. बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या आणि नवव्या वचनांत येशूचा प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाद्वारे आहे आणि ते कर्मांचे फळ नाही. लोक बहुधा तिथेच थांबतात. लगेच पुढच्या, दहाव्या वचनात तो म्हणतो की आपण सत्कर्मे करण्यासाठी निर्माण झालो आहोत. कर्मे तारणाच्या अलीकडची नव्हेत, पलीकडची आहेत. ज्याला आपली जागा कमवायची उरलेली नाही, तोच दुसऱ्यासाठी मोकळ्या हातांनी काम करू शकतो. केडगावचे काम मला असे दिसते.

शंकेखोर

हे ऐकायला गोड आहे, पण याच तर्काने एखादा माणूस आयुष्यभर इतरांना लुबाडून अखेरच्या घटकेला क्षमा मागेल आणि सुटेल. शिवाय कृपा पात्रतेवर अवलंबून नसेल, तर ती एकाला मिळते आणि दुसऱ्याला नाही, याला न्याय कसे म्हणावे?

वसईवाला

शंकेखोर यांची पहिली शंका पौलाच्या काळाइतकी जुनी आहे. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय, हा प्रश्न रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच उभा करतो आणि ठामपणे फेटाळतो. दुसरी शंका अधिक अवघड आहे. तिच्यावरून ऑगस्टीन, कॅल्विन आणि वेस्ली या ख्रिस्ती धर्मचिंतकांच्या परंपरा आजही वेगवेगळी उत्तरे देतात, आणि येथे चार ओळींत ती मिटवल्याचा आव मी आणणार नाही. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाची संपत्ती उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची, कथा पुन्हा वाचावी. धाकट्या मुलाने वाटेत वाक्ये जुळवून ठेवली आहेत आणि त्यांतले शेवटचे, मला आपल्या चाकरांपैकी एक करा हे वाक्य, बापाच्या मिठीमुळे त्याला बोलताच येत नाही. थोरला मुलगा मात्र न्यायाची भाषा करीत अंगणातच उभा राहतो. तो घरात गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

मी कॅथलिक असल्यामुळे नगरकर यांच्या मांडणीत थोडी भर घालतो. कृपा आधी येते, माणूस तिच्याकडे स्वतःच्या बळावर वळू शकत नाही, ही आमचीही शिकवण आहे. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलाजियसच्या विरोधात ऑगस्टीनने हेच मांडले आणि 529 च्या ऑरेंजच्या धर्मसभेने ते मान्य केले. मात्र प्रॉटेस्टंट सुधारकांना उत्तर देताना 1547 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक महासभेने यावर भर दिला की, कृपेने जागा झालेला माणूस तिला होकार देतो, तिच्याबरोबर काम करतो आणि आतून खरोखर बदलतो. त्याला केवळ नीतिमान ठरवले जाते एवढेच नव्हे. या वादात दोन्ही बाजूंनी एकमेकांना शाप दिले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन (प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या करून मान्य केले की आपला स्वीकार कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने होतो, आणि तीच कृपा सत्कर्मांसाठी बळ देते. 2006 साली मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्याही (चर्चसंस्थाही) या घोषणेत सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण कॅथलिक म्हणजे कर्मवादी हा समज आता तरी सोडून द्यावा.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, तेव्हा त्या बाळाने काहीच केलेले नसते, काही मानलेलेही नसते. कृपेविषयीचे यापेक्षा उघड विधान मला दुसरे सापडत नाही. नगरकर यांच्या प्रॉटेस्टंट परंपरेतील काही मंडळ्यांना तोच विधी पटत नाही, हेही मला ठाऊक आहे!

वाचनवेडा

आपणा सर्वांचे आभार. अजून एक विचारतो. माझे ख्रिस्ती शेजारी नोकरी लागली, आजार बरा झाला, की देवाची कृपा म्हणतात. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली, त्यांच्याआधीच वारली. मग त्या वेळी कृपा कुठे होती?

नगरकर

आपल्या शेजाऱ्यांचे बोलणे कृतज्ञतेचे आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण कृपेचे मोजमाप यशावरून करू लागलो, तर ती पुन्हा बक्षीस होते, आणि ज्याची नोकरी गेली तो देवाला नावडता ठरतो. मंडळीत काही उपदेशक नेमके हेच पसरवतात आणि मला ते घातक वाटते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपल्या देहातील काट्याविषयी लिहितो. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर दुःख समजावून सांगत नाही, आणि मनोरमाबाईंच्या मृत्यूचा खुलासाही कोणी त्यातून काढू नये.

रमाबाई त्या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते काम चालू ठेवले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या गटाला पुढे वाचायचे असेल, तर आधी रोमकरांस पत्राचे तीन ते आठ अध्याय वाचावेत आणि मगच कर्मांवाचून विश्वास मृत आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र हाती घ्यावे, कारण उलट क्रमाने वाचणाऱ्यांचा गोंधळ बहुधा तिथेच सुरू होतो.